टुंड्रा: गोठलेल्या जमिनीवरची वीतभर जिवंत माती

अलास्काच्या उत्तर किनाऱ्याजवळ ऐन जुलैत कुदळ घेऊन खणायला लागलं, तर वरची वीत-दोन वीत माती मऊ आणि ओलीचिंब लागते. मग कुदळ खणकन आपटते. खाली कातळ लागला असं वाटतं, पण तो कातळ नसतो. तीच माती, तोच गाळ, हजारो वर्षांपूर्वीची तीच मुळं, फक्त दगडासारखी गोठलेली. प्रूडो बे परिसरात हा गोठलेला थर ६०० मीटरपेक्षाही खोल आहे आणि सायबेरियात काही ठिकाणी तो दीड किलोमीटरच्या आसपास जातो. याला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. व्याख्या सरळ आहे: सलग किमान २ वर्षं ज्या जमिनीचं तापमान शून्य अंश किंवा त्याखाली राहिलं, ती जमीन.

वरचा जो थर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो, तो सक्रिय थर. त्याची जाडी साधारण ३० सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंत असते. टुंड्रातली मुळं, बिळं, कुजणं, रुजणं सगळं या थरातच उरकतं. म्हणून टुंड्रा समजून घ्यायला ध्रुवीय अस्वलापासून सुरुवात करू नये. ते मुळात समुद्रावरच्या बर्फाचं जनावर आहे. सुरुवात या वीतभर मातीपासून करावी.

झाडं का नाहीत?

'थंडी फार म्हणून' हे उत्तर शाळेत चालून जातं, पण ते पुरेसं नाही. सायबेरियातल्या वेर्खोयान्स्क आणि ओयम्याकोन इथे हिवाळ्यात पारा उणे ६७ अंशांपर्यंत गेलेला आहे, आणि तरीही तिथे लार्च वृक्षांची जंगलं आहेत. झाड हिवाळ्यात मरत नाही, ते उन्हाळ्यात उपाशी राहतं. जुलैचं सरासरी तापमान १० अंशांच्या खाली असेल तर खोड आणि फांद्या पोसण्याइतकं अन्न पानांना तयार करता येत नाही. नकाशावर जुलैच्या १० अंशांची रेषा काढली, की ती वृक्षांच्या उत्तर सीमेशी बरीचशी जुळते. त्या रेषेच्या उत्तरेला टुंड्रा. हा शब्द सामी लोकांच्या भाषेतून रशियन भाषेमार्गे जगभर गेला. मूळ अर्थ झाडं नसलेला उंच माळ.

दुसरं कोडं पाण्याचं. टुंड्रात वर्षाला हिम आणि पाऊस मिळून बऱ्याच ठिकाणी १५० ते २५० मिलिमीटरच पाणी पडतं. म्हणजे आपल्या माण-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यापेक्षाही कमी. तरी उन्हाळ्यात जिकडे पाहावं तिकडे डबकी, तळी आणि दलदल. कारण खाली गोठलेली जमीन म्हणजे बुडाला पक्कं प्लास्टिक अंथरलेलं शेततळंच. पाणी मुरत नाही, आणि थंडीमुळे फारसं उडूनही जात नाही.

वनस्पती: उंची सोडली, आयुष्य वाढवलं

वाढीला मिळणारे दिवस जेमतेम ५० ते ६०. त्यातला बराच काळ सूर्य मावळत नाही. अलास्कातल्या उत्कियागविक गावी मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सुमारे ८० दिवस सलग उजेड असतो. एवढ्या मुदतीत बी रुजून, रोप वाढून, फूल येऊन पुन्हा बी धरणं बहुतेकांना जमत नाही. म्हणून टुंड्रात वर्षायू वनस्पती अगदी मोजक्या. बाकी सगळ्या बहुवर्षायू, आणि त्यातल्या कित्येक या वर्षीची फुलं आदल्या वर्षीच कळीत तयार करून ठेवतात. हिम वितळलं की फक्त उघडायचं. जांभळी सॅक्सिफ्रेज यात सर्वांच्या पुढे. तिची फुलं कडेचं हिम अजून शिल्लक असतानाच दिसतात.

वाऱ्याचा आणि उंचीचा संबंध इथे नीट पाहण्यासारखा आहे. जमिनीलगत वाऱ्याचा वेग घटतो आणि काळपट माती उन्हाने तापते. त्यामुळे माणसाच्या छातीपाशी ५ अंश असतील तेव्हा मातीलगत त्याहून कितीतरी ऊब असू शकते. म्हणून आर्क्टिक विलो हा वाळुंजाचा भाऊबंद जमिनीवर आडवा पसरतो, बोटभर उंचीचा. सायलीन अकॉलिस ही वनस्पती तर गच्च उशीसारखी वाढते. मेलेली पानं ती झाडून टाकत नाही. त्यांच्यामुळे उशीच्या आत ऊब टिकते, ओल टिकते आणि पानं कुजून थोडं खतही मिळतं. अशी एखादी उशी ३०० वर्षांची असू शकते. तिच्यावर एकदा जीपचं चाक गेलं तर काय गेलं, याचा हिशोब यावरून करावा.

आर्क्टिक पॉपीचं फूल दिवसभर सूर्याकडे तोंड फिरवतं. त्याचा आकार वाटीसारखा, त्यामुळे मधोमध आसपासच्या हवेपेक्षा काही अंश जास्त ऊब साठते. बी लवकर पिकतं आणि थंडीने गारठलेले कीटक ऊब घ्यायला तिथे येऊन बसतात, परागीभवन करून जातात.

कापूसगवत मात्र सगळ्यात हुशार म्हणावं लागेल. त्याचे पांढरे गोंडे बहुतेक सगळ्या छायाचित्रांत दिसतात, पण खरं काम खाली चालतं. जमीन जसजशी वितळत जाते, तसतशी त्याची नवी मुळं बर्फाच्या मागोमाग खाली उतरतात, आणि ही मुळं दर वर्षी नव्याने काढली जातात. थंडीत कुजण्याची क्रिया इतकी मंद असते की मातीत नत्र वापरण्याजोग्या रूपात फार थोडं मिळतं. कापूसगवत त्यावर तोड काढतं: पूर्ण कुजण्याची वाट न पाहता मातीतली अमिनो आम्लं ते सरळ शोषून घेतं.

शेवाळ आणि दगडफूल यांना आपण किरकोळ समजतो. मसाल्यातल्या दगडफुलाचेच नातलग टुंड्रात मैलोन् मैल पसरलेले असतात. रेनडिअर हिवाळ्यात मुख्यतः ज्यावर जगतं ते क्लॅडोनिया जातीचं दगडफूल वर्षाला ३ ते ५ मिलिमीटर वाढतं. एका कळपाने साफ चरलेला पट्टा पूर्ववत व्हायला २०-३० वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त. कळप शेकडो किलोमीटर फिरत राहतात याचं एक कारण हेच. आणि शेवाळाचा थर म्हणजे पर्माफ्रॉस्टवरची गोधडी. कोरडं शेवाळ उन्हाळ्याची ऊब खाली जाऊ देत नाही. ही गोधडी ओरबाडली की खालचा बर्फ सुटायला लागतो. टुंड्रातल्या जवळजवळ प्रत्येक बिघाडाची सुरुवात इथेच होते.

प्राणी: हिमाखालचा हिवाळा

मराठीत आपण भुरभुरत्या हिमालाही बर्फ म्हणतो आणि टणक बर्फालाही बर्फच. टुंड्राबद्दल बोलताना हा फरक पाळावा लागतो, कारण प्राण्यांसाठी तो जगण्या-मरण्याचा फरक आहे. इथून पुढे हिम म्हणजे भुसभुशीत, बर्फ म्हणजे टणक.

हिमात हवा अडकलेली असते, म्हणून ते कापसासारखं काम करतं. फूट-दोन फूट हिम साचलं की बाहेर उणे ३० असताना तळाशी कितीतरी कमी थंडी असते. तळाचं हिम जमिनीच्या उबेने वाफ होऊन वर सरकतं आणि खाली साखरेच्या दाण्यांसारखा मोकळा थर राहतो. या थरात लेमिंग बोगदे करतात. लेमिंग म्हणजे मुठीत मावेल असा, उंदरासारखा कुरतडणारा प्राणी. तो शीतनिद्रा घेत नाही; अख्खा हिवाळा हिमाखाली गवत आणि शेवाळ खातो, तिथेच घरटं करून पिल्लंही घालतो. लेमिंग सामूहिक आत्महत्या करतात ही गोष्ट खोटी आहे. खरं इतकंच, की त्यांची संख्या दर ३ ते ५ वर्षांनी प्रचंड वाढते आणि मग कोसळते.

या चढउतारावर सगळा टुंड्रा झुलतो. लेमिंग भरपूर असतील त्या वर्षी हिमघुबड भरभरून अंडी घालतं; नसतील तर अनेक जोड्या घरटंच करत नाहीत. ध्रुवीय कोल्हा, मुंगसासारखा छोटा शिकारी अरमिन, स्कुआ हा शिकारी समुद्रपक्षी यांचंही तसंच. आणि लेमिंग कोसळले की उपाशी कोल्हे जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या अंड्या-पिल्लांवर तुटून पडतात. हा धागा थेट आपल्या खाड्यांपर्यंत येतो. त्याकडे शेवटी येऊ.

हिवाळा काढण्याच्या इतर तऱ्हाही थक्क करणाऱ्या आहेत. आर्क्टिक खार ७-८ महिने बिळात झोपते आणि तिच्या शरीराचं तापमान उणे २.९ अंशांपर्यंत उतरतं, तरी रक्त गोठत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी ती अंग थरथरवून काही तासांसाठी ३६-३७ अंशांवर येते आणि पुन्हा थंड होते. एक केसाळ सुरवंट, शास्त्रीय नाव गायनिफोरा ग्रीनलँडिका, उलट मार्ग घेतो: तो गोठतो. अंगात ग्लिसरॉल साठवून पेशी फुटू देत नाही आणि उणे ६० अंशही सोसतो. दर उन्हाळ्यात खायला मिळणारे दिवस इतके थोडे, की पतंग व्हायला त्याला साधारण ७ वर्षं लागतात.

रेनडिअर आणि कॅरिबू ही एकाच प्रजातीची दोन नावं. पहिलं युरोप-आशियातलं, दुसरं उत्तर अमेरिकेतलं. हरणांच्या कुळात मादीलाही शिंगं असणारी ही एकच प्रजाती. नर शरद ऋतूनंतर शिंगं टाकतात. गाभण माद्या मात्र वसंतापर्यंत ती बाळगतात, आणि हिमात उकरलेल्या खड्ड्यावरचा हक्क त्या शिंगांच्या जोरावर राखतात. रेनडिअरच्या डोळ्याच्या मागचा परावर्तक पडदा उन्हाळ्यात सोनेरी आणि हिवाळ्याच्या अंधारात निळा होतो, त्यामुळे कमी उजेडात जास्त दिसतं. मस्क ऑक्स हा बैलासारखा दिसतो, पण नात्याने शेळ्या-मेंढ्यांना जवळचा. लांडगे आले की हे प्राणी पिल्लांना मध्ये घेऊन गोल करून उभे राहतात. लांडग्यापुढे हा डाव चालतो, बंदुकीपुढे मुळीच नाही. अलास्कातून मस्क ऑक्स एकोणिसाव्या शतकाअखेर संपला होता. १९३० मध्ये ग्रीनलंडमधून ३४ जनावरं आणली गेली आणि पुढे नुनिवाक बेटावर सोडली गेली. आज अलास्कात दिसणारे कळप त्यांचे वंशज आहेत.

बिघडतंय ते नेमकं कुठे

१९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे. मुख्य कारण समुद्रावरचा बर्फ घटणं: पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो, काळं पाणी ते शोषून घेतं. पण 'तापमान वाढलं' एवढ्याने टुंड्राची अवस्था कळत नाही. उन्हाळा थोडा उबदार झाल्याने जितकं बिघडतं, त्याहून जास्त कधीकधी हिवाळ्यातला एकच पाऊस बिघडवतो.

नोव्हेंबर २०१३ मध्ये सायबेरियाच्या यमाल द्वीपकल्पावर हिमावर पाऊस पडला आणि मागोमाग कडक थंडी आली. पाणी हिमात झिरपून गोठलं, जमिनीवर बर्फाचं कवच बसलं. रेनडिअर हातभर भुसभुशीत हिम खुराने उकरून दगडफुलापर्यंत पोचतं, पण टणक कवच त्याला फोडता येत नाही. चारा पायाखाली असून ६१,००० रेनडिअर उपासमारीने मेली. नेनेत्स पशुपालकांपैकी काहींचे कळपच्या कळप गेले. २००३ च्या ऑक्टोबरात कॅनडाच्या बँक्स बेटावर अशाच पावसाने सुमारे २०,००० मस्क ऑक्स मेले होते. लेमिंगचंही हेच होतं: तळाचा मोकळा थर गोठला की बोगदे बंद, खाणं बंद. ग्रीनलंडच्या ईशान्य भागात २००० नंतर लेमिंगची चक्रं कोलमडली आणि तिथे हिमघुबडांची पिल्लं उडती होणं जवळपास थांबलं.

दुसरा बदल दिसायला हिरवा, म्हणून फसवा. विलो, अल्डर आणि बुटक्या बर्चची झुडपं उत्तरेकडे सरकत आहेत, उंच होत आहेत. झुडपं वाऱ्याने उडणारं हिम अडवतात. जास्त हिम म्हणजे जाड गोधडी, म्हणजे हिवाळ्यात जमीन पुरेशी गोठतच नाही. वसंतात त्यांच्या गडद फांद्या हिमावर डोकावतात आणि ऊन शोषतात. खाली सावली पडल्याने दगडफूल आणि शेवाळ मागे हटतं. १९९० पासून चालू असलेल्या आंतरराष्ट्रीय टुंड्रा प्रयोगात हे मोजलं गेलं आहे. पद्धत साधी: पारदर्शक पत्र्यांचं, वरून उघडं, षटकोनी कुंपण झाडोऱ्याभोवती लावायचं. आत उन्हाळ्यात तापमान १ ते ३ अंश वाढतं. वर्षानुवर्षं आतला आणि बाहेरचा झाडोरा मोजायचा. अनेक ठिकाणी निष्कर्ष एकाच दिशेचे आले: झुडपं आणि गवत वर, शेवाळ-दगडफूल खाली.

झुडपांच्या मागोमाग बीव्हर आले, फांद्या कुरतडून ओढ्यांवर बांध घालणारे प्राणी. अलास्काच्या पश्चिम आणि वायव्य टुंड्रात त्यांनी बांध घालून केलेली ११ हजारांहून अधिक तळी उपग्रहचित्रांत मोजली गेली आहेत. साठलेलं पाणी उबदार राहतं आणि खालचं पर्माफ्रॉस्ट वितळवतं.

आता कार्बनचा हिशोब. उत्तरेकडच्या पर्माफ्रॉस्ट भागातल्या मातीत सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे. वातावरणात आहे त्याच्या जवळपास दुप्पट. तो तिथे साठला कारण हजारो वर्षं झाडोरा वाढत राहिला आणि थंडीमुळे पुरता कुजलाच नाही. वितळलेली माती कोरडी असेल तर कुजताना कार्बन डायऑक्साइड निघतो, पाण्याखाली असेल तर मिथेनही. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन टनामागे कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. तरीही 'मिथेनचा बॉम्ब कधीही फुटेल' अशा मथळ्यांवर विश्वास ठेवू नये. अभ्यासकांना अपेक्षित आहे ती दशकानुदशकं चालणारी गळती. ती काही कमी गंभीर नाही, कारण एकदा सुरू झाल्यावर ती थांबवायची तोटी नाही. अमेरिकेच्या नोआ या हवामान आणि महासागरांवर काम करणाऱ्या सरकारी संस्थेच्या २०२४ च्या आर्क्टिक अहवालानुसार, वणव्यांचं उत्सर्जन धरलं तर टुंड्रा आता कार्बन साठवणारा राहिलेला नाही, सोडणारा झाला आहे.

वणवे हा त्यातला नवा भाग. २००७ मध्ये अलास्कातल्या अनाक्तुवुक नदीकाठी विजेमुळे लागलेल्या आगीत १,००० चौरस किलोमीटरपेक्षा जास्त टुंड्रा जळला आणि सुमारे २१ लाख टन कार्बन हवेत गेला. जमिनीचा वरचा सेंद्रिय थर सरासरी ६ सेंटिमीटर जळाला. आकडा छोटा वाटेल, पण गोधडी तेवढीच असते.

कॅरिबूचं पुढे काय, याचं उत्तर सगळीकडे एक नाही. कॅनडातला बाथर्स्ट कळप १९८६ मध्ये सुमारे ४ लाख ७० हजारांचा होता, २०२१ मध्ये ६,२४० उरला. शिकार, खाणींचे रस्ते, लांडगे, चारा, उन्हाळ्यातले माश्या-डासांचे लोंढे, अशी अनेक कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. स्वालबार्ड या नॉर्वेच्या आर्क्टिक बेटांवर मात्र संरक्षणामुळे आणि लांबलेल्या उन्हाळ्यामुळे रेनडिअरची संख्या वाढली. पण तिथेही प्रौढ माद्यांचं सरासरी वजन १६ वर्षांत ५५ किलोवरून ४८ किलोवर आलं. जास्त जनावरं, हिवाळ्यात बर्फाचं कवच, वाट्याला कमी चारा.

करता काय येतं?

स्थानिक पातळीवर पहिला नियम: गोधडी मोडू नका. उत्तर अलास्कात सरकारी टुंड्रावर अवजड वाहनं न्यायला परवानगी तेव्हाच मिळते, जेव्हा ३० सेंटिमीटर खोलीवर माती उणे ५ अंश असते आणि वर किनारी भागात १५, टेकड्यांच्या भागात २३ सेंटिमीटर हिम असतं. १९७० च्या सुमारास असे २०० हून अधिक दिवस मिळत. या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ते १०० च्या आसपास आले.

दुसरा: बांधकामाची उष्णता जमिनीत जाऊ देऊ नका. घरं खांबांवर, खाली वारा खेळता. १९७७ मध्ये सुरू झालेली अलास्काची तेलवाहिनी निम्म्याहून अधिक अंतर जमिनीच्या वर आहे. तिच्या आधारखांबांत अमोनिया भरलेल्या नळ्या आहेत: हिवाळ्यात जमिनीच्या उबेने अमोनियाची वाफ होते, वर थंड हवेत तिचा पुन्हा द्रव होतो आणि तो खाली उतरतो. वीज न वापरता जमिनीतली ऊब बाहेर फेकली जाते. मात्र हिवाळाच पुरेसा थंड नसेल तर ही नळी थकते. २०२० च्या मे महिन्यात रशियातल्या नोरिल्स्क शहराजवळ डिझेलची टाकी खचून सुमारे २१,००० टन डिझेल नद्यांत आणि जमिनीत गेलं. पाया खचण्यामागे वितळणारी जमीन हे कारण सांगितलं गेलं.

तिसरा उपाय जनावरांचा. जिथे रेनडिअर आणि मस्क ऑक्स भरपूर चरतात तिथे झुडपं आटोक्यात राहतात, हे ग्रीनलंड आणि उत्तर युरोपात दिसलं आहे. सायबेरियात चेर्स्कीजवळ रशियन शास्त्रज्ञ सर्गेई झिमोव्ह यांनी १९९६ पासून घोडे, बायसन, मस्क ऑक्स आणून हिम तुडवायचा प्रयोग चालवला आहे: हिम दबलं की थंडी जमिनीत उतरते. कल्पना खरी आहे. पण लाखो चौरस किलोमीटरला पुरतील इतकी जनावरं कुठून आणणार, हा प्रश्न तसाच आहे. मूळ उपाय कोळसा आणि तेल कमी जाळण्याचाच. बाकी सगळं डागडुजी.

भारताचा या अभ्यासात हात आहे. स्वालबार्डमधल्या नी-ओलेसुंद इथलं 'हिमाद्री' केंद्र १ जुलै २००८ पासून चालू आहे आणि त्याची सूत्रं गोव्यात, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे आहेत. डिसेंबर २०२३ पासून तिथे हिवाळ्यातही भारतीय तुकड्या राहतात.

आणि आता ते पक्षी. कर्ल्यू सँडपायपर हा बाकदार चोचीचा, मुठीएवढा पक्षी फक्त सायबेरियाच्या टुंड्रात वीण करतो, मुख्यतः तैमिर द्वीपकल्प आणि त्याच्या आसपास. हिवाळा काढायला त्यातले पुष्कळ भारताच्या किनाऱ्यावर उतरतात. ठाणे खाडीच्या चिखलात ते टिलव्यांच्या आणि सोनचिखल्यांच्या सोबतीने दिसतात. प्रौढ पक्षी आधी येतात, जुलै-ऑगस्टपासूनच, पोटावर विणीच्या हंगामाचा विटकरी रंग थोडा शिल्लक असताना. त्या वर्षीची पिल्लं नंतर येतात. ती ओळखायची खूण: पाठीवरच्या प्रत्येक पिसाला फिकट कड, त्यामुळे पाठ खवल्यांसारखी दिसते, आणि छातीवर पीचच्या सालीसारखी हलकी झाक. सप्टेंबर-ऑक्टोबरात ओहोटीला दुर्बिणीतून शंभर पक्षी मोजावेत आणि त्यात खवलेदार पाठीचे किती ते लिहून ठेवावं. पिल्लं भरपूर असतील, तर बहुधा तैमिरला त्या उन्हाळ्यात लेमिंग उदंड होते आणि कोल्ह्यांना घरटी शोधत फिरावं लागलं नाही. खवलेदार पाठ शोधूनही सापडत नसेल, तर लेमिंग कोसळले असण्याची शक्यता मोठी.